विश्लेषण : पीएच.डी.चं सादरीकरण सभागृहात, प्रश्न मात्र बांधावरच!

थंडी पडली की महाविद्यालयांमध्ये दोन गोष्टींची लगबग सुरू होते. एक स्नेहसंमेलन आणि दुसरी 'आविष्कार'. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून सुरू झालेल्या या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेत सहा गट असतात. विज्ञान, अभियांत्रिकी, शेती आणि औषधनिर्माणाच्या पोरांकडे दाखवायला मॉडेल असतं, यंत्र असतं, बाटलीतलं द्रावण असतं. मानव्यविद्या आणि वाणिज्य-व्यवस्थापन-विधी या दोन गटांतल्या संशोधकांकडे दाखवायला काय असतं? एक पोस्टर, चार तक्ते आणि बोलायला मोजकी मिनिटं.

त्या मोजक्या मिनिटांत काय सांगितलं जातं आणि ते पुढे कुठे जातं, याचा विचार तालुक्यातल्या माणसानेही करायला हवा. कारण पोस्टरवरची आकडेवारी बहुतेक वेळा त्याच्याच ओट्यावर बसून गोळा केलेली असते.

सर्टिफिकेटचा बाजार कसा वाढला?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत एक अट होती. प्रबंध सादर करण्याआधी संशोधक विद्यार्थ्याने एक शोधनिबंध नियतकालिकात छापायचा आणि दोन निबंध परिषदांमध्ये वाचायचे. त्याचा पुरावा म्हणून प्रमाणपत्र जोडायचं. हेतू चांगला होता. पोरगं चार लोकांसमोर उभं राहील, प्रश्नांना तोंड देईल, त्याचं काम घासूनपुसून निघेल.

झालं भलतंच. अट प्रमाणपत्राची, मग बाजारही प्रमाणपत्राचाच भरला. कुठल्याही विषयाला 'आंतरराष्ट्रीय' शब्द चिकटवायचा, नोंदणी शुल्क घ्यायचं, सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण आणि संध्याकाळी प्रमाणपत्र वाटप. मधल्या वेळेत एकेका खोलीत वीस-वीस निबंध 'वाचून' घ्यायचे. अध्यक्ष घड्याळाकडे बघणार, ऐकणारे आपला नंबर कधी येतो ते बघणार. प्रश्न विचारायला वेळ कुणालाच नसायचा.

नियतकालिकांची गत वेगळी नव्हती. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या १००९ नियतकालिकांची छाननी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या त्या नियतकालिकांपैकी तब्बल ८८ टक्के निकृष्ट दर्जाची निघाली. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षी आयोगाने यादीतून चार हजारांवर नावं वगळली आणि २०१९ मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आणली. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. आता कुठलं नियतकालिक चांगलं, हे विद्यापीठांनी आपापलं ठरवायचं आहे.

२०२२ मध्ये काय बदललं?

नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमावलीने शोधनिबंध आणि परिषदांची देशपातळीवरची सक्ती काढून टाकली. एम.फिल. बंद झाली. त्याऐवजी भर दिला गेला तो संशोधन सल्लागार समितीवर. दर सत्राला विद्यार्थ्याने या समितीपुढे आपलं काम मांडायचं आणि अहवाल द्यायचा. प्रबंध देण्याआधी एक सादरीकरण, आणि शेवटी मौखिक परीक्षा.

कागदावर हे जास्त शहाणपणाचं आहे. बाहेरच्या अनोळखी परिषदेपेक्षा आपल्या विषयाच्या जाणकारांपुढे वर्षातून दोनदा उभं राहणं कधीही चांगलं. पण समितीची बैठक खरंच होते का, की सहीसाठी फाईल फिरते, यावर सगळं अवलंबून आहे. सह्याच गोळा होणार असतील तर प्रमाणपत्र जाऊन फाईल आली, एवढाच फरक.

शेवटच्या मौखिक परीक्षेचं चित्रही बघा. ही परीक्षा खुली असते, म्हणजे इतर प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनाही बसता येतं. पण बऱ्याच ठिकाणी तिला सत्कार समारंभाचं रूप आलंय. शाल, श्रीफळ, फोटो, जेवणावळ. प्रबंधावरचे अवघड प्रश्न या गर्दीत हरवतात, आणि जेवणाचा खर्च बहुधा त्याच पोराच्या माथी.

'काय दिवे लावणार?' हा प्रश्न आला कुठून

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपची संख्या २०० वर आणल्याचा मुद्दा निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल केला आणि राज्यभर संताप उसळला. बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या विद्यार्थ्यांची फेलोशिपसाठीची आंदोलनं त्या काळात सुरूच होती.

संताप रास्त होता. केंद्राची जेआरएफ मिळालेल्याला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. ती न मिळालेल्या खेड्यातल्या पोरापोरींना राज्याच्या या संस्थांचाच आधार. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, वर दोन वर्षांची मुदतवाढ. एवढा काळ फेलोशिपशिवाय काढायचा तर तासिका तत्त्वावर शिकवायचं, सुट्टीत घरच्या शेतात राबायचं आणि रात्री प्रबंध लिहायचा. मुलगी असेल तर त्यात लग्नाचा तगादा. त्यात जुलै २०२३ मध्ये आयोगाने सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. ऐच्छिक केली. म्हणजे नोकरीची हमीही नाही.

पण त्या सवालाला खरं उत्तर द्यायचं तर संतापाच्या पुढे जावं लागेल. हे संशोधन कुणाच्या कामी येतं, ते दाखवावं लागेल.

एक ऊस, तीन प्रबंध

दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. उसाचंच उदाहरण घ्या. समाजशास्त्राचा विद्यार्थी ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा अभ्यास करतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा सरकारला समिती नेमून माहिती गोळा करावी लागली. फडावरच्या बाईचं दुखणं नीट नोंदवून ठेवणारं संशोधन असतं, तर हा प्रश्न कितीतरी आधी पटलावर आला असता.

कायद्याचा विद्यार्थी एफआरपी बघतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आपल्या तालुक्यात किती जणांना व्याज मिळालं, किती जणांनी मागितलं, किती जणांना असा हक्क आहे हेच माहीत नव्हतं, हा सरळ प्रबंधाचा विषय आहे.

वाणिज्य-व्यवस्थापनाचा विद्यार्थी कारखान्याचा ताळेबंद वाचतो. सभासदाला वार्षिक सभेत अहवाल मिळतो, पण त्यातलं कर्ज, साठा आणि उताऱ्याचं गणित समजावून सांगणारं कुणी नसतं.

असे तीन विद्यार्थी एकाच तालुक्यातून तीन प्रबंध लिहितात आणि एकमेकांना कधी भेटतही नाहीत. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना तर पत्ताच नसतो.

दाखला दूरचा नाही

हे असंच चालत आलंय असं म्हणावं, तर इतिहास वेगळं सांगतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. अर्थशास्त्र आणि कायदा दोन्ही शिकलेल्या या माणसाने १९१८ मध्ये शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. चर्चासत्रातला विषय पुढे चवदार तळ्यापर्यंत गेला, विधिमंडळात गेला, संविधान सभेत गेला. प्रमाणपत्रासाठी वाचलेला निबंध इतका लांब चालत नाही.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावात घरोघरी माहिती घेऊन १९१७ मध्ये गावाच्या जमिनीचा आणि कर्जाचा अभ्यास छापला. आज त्या गावात टॉवर उभे आहेत, पण शंभर वर्षांपूर्वीचा कुणबी कसा जगत होता हे त्या पुस्तकात सापडतं.

गावाला काय मागता येईल?

आज मान्य झालेला प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर जातो. तो कुणालाही फुकट वाचता येतो. पण चारशे पानी प्रबंध, त्यातही इंग्रजीत असेल, तर शेतकरी किंवा बचत गटाची बाई तो उघडणार नाही.

उपाय महागडा नाही. ज्या गावातून प्रश्नावली भरून घेतली, त्या गावच्या ग्रामसभेत विद्यार्थ्याने अर्धा तास आपले निष्कर्ष मराठीत सांगावेत. दोन पानांचा सारांश ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. तालुक्याच्या महाविद्यालयाने वर्षातून एकदा आपल्या भागावरचे प्रबंध लोकांपुढे मांडायची सभा घ्यावी. तिथे शुल्क नको, शाल नको, पण प्रश्न हवेत. यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट बघायचं कारण नाही. गाईड, प्राचार्य आणि सरपंच यांनी मनावर घेतलं तरी पुरे.

यात धोकाही आहे. ग्रामसभेत एखादा आजोबा उठून म्हणेल, "पोरा, हे मी तुला सांगितलंच नव्हतं." संशोधकाची खरी परीक्षा ती. आणि ज्या प्रबंधाला या परीक्षेत पास होता येईल, त्याने काय दिवे लावले, हे मग कुणाला विचारावं लागणार नाही.