पिशवीतून धूर आला तेव्हा

मैत्रिणींनो, तुमच्या पर्समध्ये या क्षणी काय काय आहे ते जरा आठवून बघा. किल्ल्या, सुटे पैसे, सेफ्टी पिना, एखादी हेअरपिन, होय ना? आता त्यात एक जुनी बॅटरी घाला. माझ्याकडून नेमकं हेच झालं.

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे किरकोळ कामं आपोआप माझ्या वाट्याला येतात. यंदा बिनतारी माईकच्या बॅटऱ्या सांभाळायच्या होत्या. त्या चौकोनी, नऊ व्होल्टच्या असतात. ऐन नाटकात आवाज बंद पडू नये म्हणून नव्या घातल्या आणि काढलेल्या चार पिशवीत टाकल्या. फेकून देणं जिवावर आलं, दुसरं काय! वाटेत ह्यांच्या सायकलचा गंज काढायला हार्डवेअरच्या दुकानातून बारीक स्टील वूल घेतलं. दुकानदाराने ते नुसतं कागदात गुंडाळून दिलं, तेही त्याच पिशवीत गेलं.

रिक्षात पिशवी धाकटीच्या पायाशी होती. आधी काहीतरी करपल्याचा वास आला. मला वाटलं, बाहेर कुणी कचरा पेटवलाय. तेवढ्यात ती किंचाळली, "आई, पाय!" बघते तर पिशवीतून धूर! रिक्षावाल्या भाऊंनी गाडी बाजूला घेतली, पिशवी ओढून रस्त्यावर फेकली आणि तिच्यावर पायाने माती लोटली. धाकटीच्या पोटरीवर रुपयाएवढा फोड आला. शेजारच्या दुकानाच्या नळाखाली वीस मिनिटं तिचा पाय धरून बसले होते. फोड बरा झाला, डाग मात्र अजून आहे. आंघोळ घालताना रोज दिसतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, "अहो, पण बॅटऱ्या तर संपलेल्या होत्या!" त्या म्हणाल्या, "संपल्या कुठे होत्या? तुम्ही वेळेआधी काढल्यात." त्या चौकोनी डबीत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. शिवाय तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला, बोटभर अंतरावर. पेन्सिल सेलची टोकं दोन बाजूंना असतात, त्यामुळे ती सहसा जोडली जात नाहीत. इथे मात्र एखादी किल्ली आडवी पडली तरी पुरते. स्टील वूल तर त्याहून वाईट. त्याच्या केसासारख्या तारेतून वीज गेली की ती लालबुंद तापते आणि चक्क जळू लागते. तुम्ही म्हणाल, लोखंड कसं जळेल? अहो, कणकेचा गोळा तव्यावर ठेवला तर बसून राहतो. त्याच कणकेच्या शेवया क्षणात करपतात. तसंच हे. तार बारीक, चहूबाजूंनी हवा आणि उष्णता ओढून घ्यायला जाड धातू जवळ नाही. गंमत म्हणजे जळल्यावर त्याचं वजन वाढतं, कारण हवेतला प्राणवायू लोखंडाला चिकटतो.

हे सगळं आमचा थोरला कान देऊन ऐकत होता. जुलैत तो मित्रांबरोबर राजमाचीला जायचा होता. म्हणाला, "आई, पावसात काडेपेटी भिजली तर हे चालेल की!" आधी मी रागावलेच. मग वाटलं, तो माझ्या नकळत करून बघणारच, त्यापेक्षा माझ्यासमोर करू दे. गच्चीवर परातीत वाळू घेतली, शेजारी पाण्याची बादली ठेवली. पहिल्यांदा आमची भांड्यांची घासणी लावून पाहिली. काही झालं नाही, कारण ती स्टेनलेस स्टीलची, जाड तारेची. बारीक स्टील वूल पिंजून बॅटरीची टोकं नुसती टेकवली, तर ठिणग्या सळसळत सुटल्या. पण ज्वाला नाही, आणि पटकन विझलंसुद्धा. म्हणजे त्या निखाऱ्याला धरून ठेवणारं काही हवं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, फुलवात दे की!" तुपात भिजवलेली फुलवात आणि कापराची एक वडी ठेवली, हळूच फुंकर मारली, आणि पेटली की हो! वाऱ्यातही तग धरून होती. तेवढ्यात नारळाची शेंडी आणि सुक्या काटक्या सहज पेटल्या.

चौकोनी बॅटरी नसेल तर टॉर्चमधले दोन पेन्सिल सेल एकापुढे एक धरूनही स्टील वूल तापतं. साध्या स्वस्त सेलपेक्षा अल्कलाइन सेल जास्त जोर देतात. मोबाईलच्या किंवा पॉवर बँकेच्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग कधीही नको. ती फुटते, भडकते. मुलांना हे बजावून सांगा, कारण जंगलात तीच हाताशी असणार.

खरं सांगू? सामानात मी पहिल्यांदा घातली ती दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेली काडेपेटीच. बॅटरी टोकांना चिकटपट्टी लावून एका कप्प्यात, स्टील वूल दुसऱ्यात, फुलवाती प्लॅस्टिकच्या डबीत. पत्र्याच्या डबीत बॅटरी ठेवू नका, पत्राही वीज नेतो. आणि दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळलं की तिथे विस्तव नकोच, एका ठिणगीने वणवा लागतो.

तो निघाल्यावर मी घरातले खण उपसले. शिवणाच्या डब्यात दोन, ह्यांच्या हत्यारांत तीन (खिळ्यांच्या अंगावर!) आणि देवघराच्या फडताळात एक. देवघरात ती कशी गेली, ते कुणीच कबूल करत नाही. सगळ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली. घड्याळातले चपटे सेलही एकमेकांवर न रचता वेगळे चिकटवले आणि डबा वरच्या फळीवर ठेवला, धाकटीचा हात पोचणार नाही असा. ह्यांना आता चिकटपट्टी लागली की त्याच डब्यात शोधावी लागते.