सही आपली, भिंत सगळ्यांची

मे महिना म्हणजे स्लॅबचे दिवस. पावसाच्या आत छत झालं पाहिजे म्हणून नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक साइटवर धावपळ असते, आणि त्या धावपळीचा पहिला मार आपल्या पायपांना बसतो. सळई बांधून झाली की वायरमनला जेमतेम अर्धा दिवस मिळतो. तेवढ्यात तो पाइप अंथरतो, फॅन बॉक्स बसवतो, कपलरना सोल्युशन लावतो, बाइंडिंग वायरने पाइप सळईला बांधतो आणि उघडी तोंडं चिकटपट्टीने बंद करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटचा पंप सुरू होतो. त्याच पायपांवरून माणसं चालतात, जड होज ओढला जातो, व्हायब्रेटरची नीडल पायपाला चिकटून धरली जाते. कुणाचा तरी बूट बेंडवर पडतो आणि कपलर निसटतो. त्या वेळी कुणालाच काही कळत नाही. कळतं दोन-तीन महिन्यांनी, वायर ओढायच्या दिवशी, स्प्रिंग आठ फुटांवर जाऊन अडते तेव्हा. मग छिन्नी-हातोडा घेऊन नवा स्लॅब आपणच फोडतो, आणि खाली उभा असलेला इंजिनिअर आपल्यालाच विचारतो, ‘स्लॅब का फोडला?’

या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांत याच तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. प्लास्टर करणाऱ्याने बॉक्स लिंपून टाकला आणि आता तो कुठे आहे तेच सापडत नाही. टाईल्सवाल्याने ओट्यावरच्या डॅडोत बॉक्सभोवती इतकं मोठं भोक कापलं की प्लेट लावली तरी फट दिसते. पीओपीवाल्याने छताच्या चॅनेलसाठी ड्रिल मारताना आपला पाइप भेदला. एसी बसवणाऱ्याने कोअर कटिंग नेमकं आपल्या उभ्या पायपावर केलं. प्लंबरने बाथरूममध्ये गीझरच्या पॉइंटवरून पाण्याची लाइन नेली. रंगाऱ्याने प्लेटा काढल्या, रंग झाल्यावर अर्ध्याच स्क्रूवर परत लावल्या, आणि सॉकेटच्या भोकांत डिस्टेंपर सुकून बसलं. यातल्या बऱ्याच गोष्टींत त्रास होतो, वेळ जातो, पैसे जातात. जीव जात नाही.

पण एका गोष्टीत जीव जातो, आणि ती प्रत्येक साइटवर रोज घडते. टाईल्स कापणाऱ्या कटर मशीनच्या वायरला प्लग नसतो. दोन उघडी टोकं सॉकेटात सारायची आणि आगपेटीच्या काड्या खुपसून ती घट्ट करायची, ही रीत. खाली फरशीवर पाणी, मशीनवर पाणी, पायांत चप्पल असली तर असली. तात्पुरत्या बोर्डात आपण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली असते. ती दोनदा पडली की तिसऱ्यांदा कुणीतरी बोर्ड उघडतो आणि आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने थेट वायर काढतो. संध्याकाळी आपला माणूस हे पाहतो, वायर काढून टाकतो, शिव्या खातो. सकाळी वायर पुन्हा तिथेच. या बाबतीत माझं मत कडक आहे. असा बोर्ड दिसला तर साइटची सप्लाय बंद करावी, इंजिनिअरला बोलवावं आणि प्लग टॉप लावल्याशिवाय सप्लाय चालू करू नये. दिवसभराचं काम बुडालं तरी चालेल.

बाकीच्या तक्रारींकडे मात्र मी थोडं वेगळ्या नजरेने पाहायला लागलो आहे. गवंडी, सुतार, रंगारी मुद्दाम आपलं नुकसान करतात, असं तीस वर्षांत मला दिसलेलं नाही. त्यांचा हिशोब पाहा. प्लास्टरचा दर ब्रासवर, म्हणजे शंभर चौरस फुटांवर. टाईल्सचा, छताचा, रंगाचा चौरस फुटावर. सेंट्रिंगचाही तसाच. आपला पॉइंटवर. जेवढं अंग जास्त मोडेल तेवढे पैसे. दुसऱ्याचं काम सांभाळून आपलं करायचं याचा पैसा कुणाच्याच बिलात नाही. बॉक्सभोवती हळूहळू थापी फिरवणाऱ्या गवंड्याचा दिवसाकाठी अर्धा ब्रास कमी भरतो, आणि तो तोटा त्याच्या घरी जातो. हे ठेक्याच्या रचनेत आहे. माणसांना रागावून ते बदलणार नाही.

आपल्यात आणि त्यांच्यात एक फरक मात्र आहे आणि तो मोठा आहे. रंगारी रंग देऊन निघून जातो. सुतार कपाट बसवून जातो. महावितरणकडे मीटरसाठी जो टेस्ट रिपोर्ट जातो, त्यावर सही परवानाधारक विद्युत ठेकेदाराची असते. म्हणजे आपली. इन्सुलेशन ठीक आहे, अर्थिंग ठीक आहे, हे आपण लिहून देतो. भिंतीच्या आत नंतर कुणी काय केलं ते आपण पाहिलेलं नसतं, पण सही राहते.

ही सही किती जड असते ते मला एका घराने शिकवलं. पुण्याच्या पश्चिम भागात एका इमारतीचं काम आमच्याकडे होतं. कुटुंब राहायला आलं आणि चार महिन्यांनी फोन आला: गीझर लावला की सगळ्या घराची वीज जाते. त्यांनी गीझर बदलला. तरी जाते. वॉशिंग मशीन लावलं तरी कधी कधी जाते. जवळच्या दुकानातल्या एका मुलाने आरसीसीबी खराब आहे असं सांगून ती बाजूला काढली आणि वायर थेट जोडून दिली. घरात दोन लहान मुलं. त्या दोन आठवड्यांत त्या घरात काहीही होऊ शकलं असतं, आणि कागदावर नाव आमचं असतं.

आम्ही गेलो, न्यूट्रल लिंकवरचे न्यूट्रल एकेक सोडवत मेगर लावला. बेडरूमच्या सर्किटचा न्यूट्रल अर्थला मिळाला होता, रीडिंग जवळजवळ शून्य. इथे एक गोष्ट तरुण वायरमननी मनात पक्की करावी. सिंगल पोल एमसीबी खाली केली तरी न्यूट्रल तुटत नाही. त्यामुळे बेडरूमची एमसीबी बंद असतानाही, घरात दुसरीकडे गीझरसारखा मोठा लोड आला की परतीच्या करंटचा काही भाग त्या बिघाडातून अर्थकडे वळतो, आरसीसीबीला जाणारा आणि येणारा करंट सारखा दिसत नाही आणि ती पडते. गीझर निर्दोष असतो. आरसीसीबीही निर्दोष असते, उलट ती आपलं काम चोख करत असते.

बिघाड सापडला कपाटाच्या मागे. सुताराने कपाट भिंतीला धरण्यासाठी दोन इंची स्क्रू मारला होता. तो प्लास्टर आणि पाइप फोडून न्यूट्रल आणि अर्थ दोन्ही वायरींच्या पीव्हीसीत घुसला होता. वायरीवरचं ते आवरण एक मिलिमीटरही जाड नसतं. मी त्या सुताराला बोलावून घेतलं, चांगला रागात होतो. त्याने शांतपणे भिंत पाहिली आणि म्हणाला, ‘साहेब, बोर्डाच्या सरळ वर मी एकही स्क्रू मारला नाही. पाइप वरून सरळ खाली येतो एवढं मला माहीत आहे. हा तिरपा कसा काय आला?’

तिरपा आला, कारण आमच्या मुलाने एक बेंड वाचवला होता. स्लॅबमधून उतरलेला पाइप बोर्डापासून दीड फूट बाजूला होता. तो आडवा घेऊन मग सरळ खाली उतरवायचा, तर याने कोपऱ्यातून कोपऱ्यात नेला. प्लास्टर झाल्यावर ते कुणाला दिसणार होतं? सुताराने भिंतीवर विश्वास ठेवला होता, आणि तो विश्वास आम्ही मोडला होता. दुरुस्तीचा खर्च मी दिला. सुताराची माफी मागितली.

म्हणून दुसऱ्या धंद्यांकडे बोट दाखवण्याआधी आपल्या झिऱ्या आपण तपासायला हव्यात. वजन पेलणाऱ्या भिंतीत आडवी झिरी भिंतीच्या जाडीच्या सहाव्या भागापेक्षा खोल जाऊ नये, म्हणजे नऊ इंची भिंतीत फार तर दीड इंच. हा बांधकामातला जुना नियम आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? झिरी मारून मलबा तिथेच टाकून आपण जातो. झिरी भरताना जाळी मारत नाही, मग वर्षभरात पायपाच्या रेषेत प्लास्टरला तडा जातो आणि मालक गवंड्याला बोलतो. बॉक्ससाठी स्लॅबची सळई कापणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि ती आपल्या धंद्यातलीच होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की, लपणारं काम लपण्याआधी दाखवायची सवय आपण लावली पाहिजे. स्लॅब भरताना आपला एक माणूस शेवटपर्यंत वर उभा राहिला पाहिजे, हातात कपलर आणि सोल्युशन घेऊन. त्या एका दिवसाची मजुरी पुढच्या चार दिवसांच्या फोडाफोडीपेक्षा स्वस्त पडते. सेंट्रिंग खोलल्यावर प्रत्येक पायपातून स्प्रिंग फिरवून पाहावी, वीटकाम चढण्याआधी. गवंड्याकडून थिय्या मारून घेतल्याशिवाय बॉक्स पक्का करू नये; प्लास्टरची पातळी त्यालाच ठाऊक असते, अंदाजाने बसवलेला बॉक्स एकतर आत जातो नाहीतर बाहेर येतो. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्यावा, फोटोत मोजपट्टी धरून, फरशीपासून आणि कोपऱ्यापासून. फोन सगळ्यांच्या खिशात आहे, हे न करायला आता कारण उरलेलं नाही. तो फोटो सुताराला, पीओपीवाल्याला, एसीवाल्याला आपण होऊन पाठवावा.

आणि मेगर एकदाच, टेस्ट रिपोर्टच्या आदल्या दिवशी लावू नये. वायर ओढून झाल्यावर, छताचं काम झाल्यावर आणि फर्निचर लागल्यावर, असा तीनदा लावावा. ५०० व्होल्ट, एक मिनिट. १ मेगओहम ही खालची मर्यादा, पण नव्या वायरिंगचं रीडिंग त्याच्या कितीतरी वर असतं. म्हणून पहिल्या वेळी शंभर असलेला आकडा दुसऱ्या वेळी दोनवर आला, तर तो नियमात बसला तरी सही करू नका. मधल्या दिवसांत त्या भिंतीला कुणीतरी हात लावला आहे. तेव्हा तो माणूस साइटवरच असतो, छत उघडता येतं, वाद अर्ध्या तासात मिटतो.

बिल्डरच्या इंजिनिअरला हे पटवणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याच्या १४व्या कलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष ग्राहकाने दाखवला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यावा लागतो. भिंतीतल्या पायपाचा फोटो आणि तारीखवार तीन रीडिंग ही त्याच्याही कामाची कागदं आहेत. ती आपल्याकडून मिळणार असतील, तर पॉइंटच्या दरात त्याचे वेगळे पैसे मागायला लाजू नये. पुढच्या कोटेशनमध्ये ती ओळ घाला.

त्या पुण्याच्या घरात शेवटी आम्ही पाइप सरळ करून घेतला, नवी वायर ओढली आणि आरसीसीबी परत जागेवर बसवली. कपाट पुन्हा लावायला तोच सुतार आला. स्क्रू मारण्याआधी त्याने मला फोन केला, आणि मी त्याला भिंतीचा फोटो पाठवला.