बांध दोघांचा असतो

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकास, नाणेघाटाच्या माथ्यालगत घाटघर हे गाव वसले आहे. येथे पाऊस विपुल पडतो आणि जमीन उताराची आहे. त्या उतारावर भाताची खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक रचलेली असतात. वरचे खाचर भरले की पाणी खालच्या खाचरात उतरते. म्हणून अशा गावी शेजारी म्हणजे केवळ जवळ राहणारा मनुष्य नव्हे; तो पाण्याचाही वाटेकरी असतो.

या डोंगराळ मुलखात ‘पडकई’ नावाची जुनी रीत आहे. उतार फोडून, दगडमातीचा बांध घालून खाचर तयार करणे हे एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील काम नव्हे. तेव्हा अनेक घरची माणसे एकत्र येतात. आज एकाच्या शेतावर राबतात, तर उद्या दुसऱ्याच्या. श्रमाची फेड श्रमाने होते. येथील कित्येक बांधांत शेजाऱ्यांचाही घाम मुरलेला आहे.

असे असूनही माणसे त्याच बांधावरून भांडतात! कोणी बांध कोरतो, कोणाची गुरे दुसऱ्याच्या रोपांत शिरतात, तर कोणाच्या छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडतात. कारण वीतभर असते. पण शब्दाने शब्द वाढतो आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. मोठ्यांच्या रागापायी मुलांचा खेळही मोडतो.

या भांडणात लाभ कोणाचा? खालच्या शेतकऱ्याने हातभर जमिनीच्या लोभाने बांध कोरला, तर पहिल्या मोठ्या पावसात तो ढासळतो. वरच्याची माती वाहून जाते. पण ती येऊन पडते खालच्याच्याच भातावर. बांध दोन शेते वेगळी करतो हे खरे. परंतु तोच त्या दोन्ही शेतांना सावरूनही धरतो.

मग शेजाऱ्याचा अन्याय निमूटपणे सोसावा काय? मुळीच नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणतात. पण बलवंताने दुर्बलाची जमीन बळकावली, तर कायदा हाच दुर्बलाचा आधार होय. गंभीर अपराध तर गावात दडपून टाकणे हाच मोठा अपराध आहे. मात्र न्यायालय जमीन कोणाची ते सांगू शकते; रात्री-अपरात्री शेजाऱ्याने धावून यावे, असा हुकूम ते देऊ शकत नाही. ते काम सलोख्याचेच.

हे ओळखून महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातील तंटे गावातच, समितीसमोर बसून सामोपचाराने मिटावेत, हा तिचा हेतू होता. पुढे २०२३ साली ‘सलोखा’ योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षे असेल, तर त्या जमिनींची अदलाबदल नाममात्र शुल्कात नोंदवून जुना वाद मिटवण्याची सोय तिने केली. परंतु समिती आणि योजना केवळ वाट दाखवतात. पहिले पाऊल शेजाऱ्यानेच टाकावे लागते.

शहरातील चाळीत अथवा इमारतीत खाचरे नसतात. पण वरच्या घरातील पाणी खालच्या छतातून तेथेही झिरपते. तेथेही नियम तोच. तक्रार दहा जणांना सांगण्याआधी ज्याची त्याला सांगावी, ती लवकर सांगावी आणि आपली चूक असेल तर मोकळेपणाने कबूल करावी. त्यात कमीपणा नाही. ढासळलेला बांध पाऊस थांबण्याची वाट न पाहता, दोघांनी मिळून वेळीच सावरावा, हेच शहाणपणाचे होय.