पायाला दोष देण्याआधी क्लच तपासा



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, औषधे यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. आता पुष्कळ वस्त्यांवर ट्रॅक्टरच्या शेजारी एखादी चारचाकी उभी असते, बहुधा दुसऱ्या हाताने घेतलेली. तिच्या क्लचच्या पेडलाविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. निमित्त असे घडले.

पंढरपूर तालुक्यात एका वस्तीवर मी डाळिंबाची बाग पाहायला गेलो होतो. काही फळांवर तेल्याचे डाग होते, पण तो विषय पुन्हा कधी. बाग पाहून ओट्यावर चहाला बसलो, तेव्हा अंगणात एक छोटी मोटार धूळ खात उभी दिसली. सहज विचारले, तर घरातले आबा म्हणाले, "इकायला काढलीय साहेब. पोरगा चाकणला कामाला, आठवड्याला येतोय. सूनबाईनं लायसन काढलं, पण तिच्या पायात जोर न्हाई. बायकांचं काम न्हवं ते."

सून दारातच उभी होती, काही बोलली नाही. मी विचारले तेव्हा तिने सांगितले. सासूबाईंना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागते. एकदा कालव्याच्या पुलाच्या चढणीवर गाडी थांबवावी लागली. मागे एस.टी. उभी. क्लच दाबून धरता धरता पाय थरथरू लागला, पेडल एकदम सुटले, गाडी बंद पडून मागे घसरली. एस.टी. हातभर राहिली. त्या दिवसापासून गाडी बंद. आता दवाखान्याला दर खेपेला भाड्याची जीप लागते. तालुक्याच्या गॅरेजमध्ये दाखवले, तर त्यांनी पूर्ण क्लच सेट बदलायला सांगितला. तो आकडा ऐकूनच आबांनी गाडी विकायचे ठरवले.

मी गाडीत बसून पेडल दाबले. खरे सांगतो, माझाच गुडघा बोलला! ताईंच्या पायात काहीच कमी नव्हते.

मी शेतकीचा पदवीधर आहे, मेस्त्री नव्हे. पण नोकरीची पहिली वर्षे खात्याच्या जुन्या जीपमध्ये गेली, त्यामुळे एवढे शिकलो की पेडल जड झाले तर दोष कुठे तरी एका जागी असतो, आणि ती जागा शोधल्याशिवाय पैसा खर्चू नये.

छोट्या गाड्यांत पेडलापासून गिअरबॉक्सपर्यंत बहुधा एक पोलादी वायर जाते, बाहेरून नळीत बसवलेली. सायकलच्या ब्रेकची असते तशीच, पण जाड. पेडल दाबले की वायर गिअरबॉक्सवरचा दांडा ओढते, दांडा आतले बेअरिंग पुढे ढकलतो, ते प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांसारख्या पोलादी पट्ट्या दाबते आणि क्लच प्लेट मोकळी होते. म्हणजे जडपणा पेडलाच्या खिळीत, वायरीत, नाही तर गिअरबॉक्सच्या बाजूला असणार.

वस्तीवर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक पोरगा होता, त्याला बोलावले. इंजिन बंद आणि थंड, गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. त्याने वायरीचे गिअरबॉक्सकडचे टोक सोडवले आणि पेडल हाताने दाबून पाहायला सांगितले. पलीकडे काहीच जोडलेले नाही, म्हणजे पेडल अलगद खाली जायला हवे. ते गेले नाही, अडखळत, घासत गेले. मग पेडलाकडचे टोकही सोडवले. आता पेडल हलले, पण किंचित कुरकुरत. वायर काढून पाहिली, तर तिची नळी एका जागी गरम भागाला टेकून वितळलेली आणि आतल्या तारा पिंजलेल्या. कोणी तरी पूर्वी काम करताना ती चुकीच्या जागेवरून नेऊन बांधली होती. नवी वायर काही शे रुपयांची. ती मूळ वाटेने, जास्त वाकण न देता बसवली, पेडलाची खिळी साफ करून ग्रीस लावले. पेडल फुलासारखे झाले असे म्हणणार नाही, पण धरून ठेवण्याजोगे झाले.

इथे एक चूक पुष्कळ जण करतात. वायर जड झाली की नळीत ऑइल ओततात. हल्लीच्या वायरींना आतून प्लास्टिकचे अस्तर असते. ऑइलने ते फुगू शकते, शिवाय त्यात धूळ चिकटते. दोन दिवस बरे वाटते आणि मग पहिल्यापेक्षा वाईट. अशी वायर बदलावीच.

आता दुसरी बाजू. वायर सोडवल्यावर पेडल हलके गेले, तर दोष पलीकडे आहे. दांड्याची खिळी कोरडी असेल, बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती कोरडी असेल, किंवा प्लेटच झिजली असेल. प्लेट झिजली की त्या पोलादी पाकळ्यांची ठेवण बदलते आणि त्या दाबायला जास्त जोर लागतो. म्हणून हळूहळू, वर्षभरात जड होत आलेले पेडल आणि चढणीला वरच्या गिअरमध्ये इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर गॅरेजवाला सेट बदला म्हणतो ते खरे असते. तेव्हा कुरकुर करू नका. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या, कारण तेवढ्यासाठी पुन्हा उतरवणे महाग पडते. "हेवी ड्यूटी" प्रेशर प्लेट घाला असे कोणी सांगितले, तर घरात गाडी कोण चालवणार ते आधी सांगा. तिच्या स्प्रिंगा कडक असतात, पेडल आणखी जड होते.

वायरीच्या गाडीत पेडल थोडे मोकळे जाते, मग जोर लागतो. या मोकळ्या खेळाला मेस्त्री 'प्ले' म्हणतात. पुष्कळ छोट्या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. पोराची शाळेची पट्टी पेडलाशेजारी धरली की मोजता येतो. प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो. अजिबात उरला नाही तर बेअरिंग सतत घासते आणि क्लच सरकू लागतो. फार वाढला तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना दाते करकरतात.

काही गाड्यांत वायरीऐवजी ऑइलच्या दाबावर क्लच चालतो. तिथे पेडल मऊ, स्पंजासारखे लागले तर आत हवा शिरली आहे, ती काढून घ्यावी लागते. डब्यातली पातळी वरचेवर उतरत असेल तर कुठे तरी गळती आहे. नुसते भरत राहू नका. आणि त्या डब्यात पुस्तिकेत लिहिलेले ब्रेक ऑइलच घाला, इंजिनाचे नव्हे. आतली रबरे फुगून सगळेच निकामी होते.

ट्रॅक्टरवाल्यांनाही एक सांगतो. डबल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर पेडल अर्धे दाबल्यावर चाल थांबते, पीटीओ थांबायला ते तळापर्यंत जावे लागते. खेळ बिघडला तर पीटीओ पूर्ण सुटत नाही. म्हणून मळणीयंत्रात वा रोटाव्हेटरमध्ये काही अडकले तर कोणाला क्लच दाबून बसवून हात घालू नका. पीटीओचा दांडा न्यूट्रलला आणा, इंजिन बंद करा, फिरणारे सगळे थांबू द्या, मगच जवळ जा.

त्या दिवशी संध्याकाळी ताईंनी गाडी कालव्याच्या पुलावर नेली. मी शेजारी, आबा मागे. चढणीच्या मध्यावर थांबायला सांगितले. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर, क्लच हळू सोडत थोडी रेस. गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे झाले की मग हँडब्रेक सोडायचा. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा वर गेली. आबा काही बोलले नाहीत. पुलापलीकडे गेल्यावर एवढेच म्हणाले, "शुक्रवारी म्हातारीला दवाखान्याला न्यायचंय, धाला निघू."