घरातल्या घड्याळांचं एकदा एकमत होऊ द्या

हॉलमधलं घड्याळ पाच मिनिटं पुढं, आजोबांच्या मनगटावरचं दोन मिनिटं मागं. आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांत यावर कुणाची तक्रार नसते. उलट पुढं लावलेल्या घड्याळामुळंच सकाळची एसटी सापडते! पण हाच सैलपणा आपण वायफायवरच्या उपकरणांनाही लावतो, आणि तिथं माझा आक्षेप आहे.

समजा, रात्री साडेनऊला तुमच्या दुकानासमोर कुणीतरी गाडीला धडक देऊन पळालं. तुम्ही डीव्हीआरमध्ये साडेनऊ शोधता, तर रस्ता रिकामा. कारण त्याचं घड्याळ 40 मिनिटं मागं. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, तर डिस्क भरून त्या फुटेजवर नवं रेकॉर्डिंग चढतं. सापडलंच, तरी पडद्यावरची वेळ चुकीची. पुरावा म्हणून दाखवायला गेलात की पहिला प्रश्न त्यावरच येणार.

आपण काय करतो? हातानं वेळ लावतो आणि विसरतो. महिनाभरात पुन्हा तेच. मुळात घोळ कुठं आहे, ते वेळेतला फरकच सांगतो. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ बिचारं ठीक आहे, टाइम झोन चुकलाय. नेटवरून वेळ येते ती जागतिक, म्हणजे यूटीसी. आपली त्यापुढं 5 तास 30 मिनिटं. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकणाऱ्या इंजिनिअरिंगवाल्यांना हा फरक पाठ असेल. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी ठेवतं. दोघांपैकी एकाची सेटिंग बदलली की भांडण मिटतं.

लाइट जाऊन आली की तारीख थेट 2000 सालात? मग आतला बटन सेल संपलाय. लॅपटॉपच्या बाबतीत हे जास्त त्रासदायक, कारण तारीख चुकली की ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट मानत नाही. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, साइट उघडत नाही, आणि आपण केबलवाल्याला फोन लावून भांडतोय! ऑथेंटिकेटर ॲपचे कोडही साधारण 30 सेकंदांनी बदलतात. फोनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं चुकलं तरी लॉगिन अडतं.

आणि फरक थोडा-थोडा वाढत असेल, तर उपकरण नेटवरून वेळ घेतच नाहीये. आतला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, पण दहा लाखांत 20 इतकी चूक धरली तरी वर्षात दहा मिनिटं सरकतात. म्हणून एनटीपी लागतं. डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये मांडलेली ही पद्धत सर्व्हरला वेळ विचारते, जायला-यायला लागलेला वेळ मोजते आणि तो वजा करून घड्याळ जुळवते.

डीव्हीआरमध्ये एनटीपी चालू असूनही वेळ येत नसेल, तर आधी डीएनएस बघा. बसवणाऱ्यानं आयपी हातानं भरलेला असतो आणि डीएनएसचा रकाना रिकामा. मग सर्व्हरचं नाव सापडणार कसं? हॉस्टेलच्या वायफायवर 123 नंबरचा पोर्ट बंद असू शकतो. साइट सगळ्या उघडतात, वेळ तेवढी येत नाही. अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून ‘सिंक नाऊ’ दाबून बघा.

‘पाच-दहा मिनिटांनी काय बिघडतं?’ असं बाबा म्हणतील. त्यांना सांगा, सूर्याच्या हिशेबानं सांगली साताऱ्याच्या दोनेक मिनिटं पुढं आहे. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखांशावरची वेळ 1906 मध्ये देशाची ठरली, तरी मुंबईत त्यापेक्षा 39 मिनिटं मागं असलेला ‘बॉम्बे टाइम’ पुढं कित्येक वर्षं चालला. गोंधळ भरपूर होता, पण तेव्हा ओटीपी नव्हते.

आज ही वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. एप्रिल 2022 मध्ये ‘सर्ट-इन’नं कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांना तिच्याशी किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलं. घराला ती सक्ती नाही, पण सर्व्हर आपल्यालाही खुला आहे: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. राउटर, डीव्हीआर, लॅपटॉप, सगळीकडं हेच एक नाव टाका. पुढच्या वेळी लाइट जाऊन आली की पाच मिनिटांनी डीव्हीआरची वेळ फोनशी ताडून बघा. हॉलमधलं घड्याळ मात्र राहू द्या पुढंच.