कॅसेट आली का हो?

नव्वदच्या दशकात आमच्या बंगळूरच्या घरी शनिवारची संध्याकाळ ठरलेली असे. मामंजी इस्त्रीचा शर्ट घालायचे, छत्री काखोटीला मारायचे आणि कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत जायचे. मुलांसाठी एखादी हिंदी मारधाड, माझ्यासाठी एखादा जुना मराठी सिनेमा मिळाला तर मिळाला, आणि शेवटी स्वतःचा प्रश्न : ‘तबरन कथे’ची कॅसेट आली का हो? दुकानदार मान हलवायचा, ‘इन्नू बंदिल्ला, सार.’ अजून नाही आली. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आल्यावर मी जे कानडी शिकले, त्यातलं हे अगदी सुरुवातीचं वाक्य!

‘तबरन कथे’ म्हणजे तबराची गोष्ट. पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या कथेवरचा गिरीश कासरवळ्ळी यांचा 1986 सालचा कानडी चित्रपट. त्या काळी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांमधले पुरस्कार मिळवलेले सिनेमे लागायचे, आठवतंय ना? जेवणं उरकली की आपण पाचदहा मिनिटं बघायचो आणि तिथेच चटईवर डुलकी काढायचो. त्या रविवारी मात्र मामंजी ताठ बसून होते.

गोष्ट साधी. तबर हा सरकारी शिपाई. नोकरी संपते आणि पेन्शनच्या कागदांसाठी त्याचे हेलपाटे सुरू होतात. घरी बायकोला मधुमेह. पायाची जखम चिघळत जाते, उपचाराला पैसे हवेत, आणि पैसे फायलीत अडकलेले. हा टेबलावरून त्या टेबलावर, तो साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे. शेवटी पैसे येतात, पण तोवर बायको गेलेली असते. चारुहासन यांनी तबर असा उभा केला, की त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटालाही सुवर्णकमळ मिळालं.

सिनेमा संपला. मी चहा ठेवला. मामंजींनी कप हातात घेतला आणि हळूच म्हणाले, ‘सूनबाई, त्या टेबलाच्या पलीकडे मी बसत होतो.’

मामंजींची सारी नोकरी हिशेब खात्यात गेली. माणूस देवभोळा, लाचेचा एक पैसा कधी घेतला नाही. पण एका चपराशाची फाइल एका सहीसाठी त्यांच्याकडे चार महिने पडून होती. ‘नियमात बसत नव्हती, म्हणून खाली ठेवली. तो रोज येऊन दाराशी उभा राहायचा. त्याच्या घरी काय चाललंय, हे मी एकदाही विचारलं नाही.’ एवढंच बोलले. त्यानंतर मात्र त्यांनी ध्यास घेतला. हा सिनेमा पुन्हा पाहायचा, आणि ऑफिसातल्या सगळ्या मंडळींना घरी बोलावून दाखवायचा.

तिथून ती शनिवारची वारी सुरू झाली. कोपऱ्यावरच्या दुकानानंतर मॅजेस्टिक भागातली दुकानं झाली. कॅसेटी गेल्या, व्हीसीडी आल्या, डीव्हीडी आल्या. उत्तर तेच. पुढे मामंजी गेले.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडत आलाय. ज्या दिग्दर्शकाच्या चार चित्रपटांना सुवर्णकमळ मिळालं, त्याचे सिनेमे घरी बसून पाहायला एवढी वाट का पाहावी लागते?

कासरवळ्ळी काही परके नव्हेत. मलनाडात तीर्थहळ्ळीजवळच्या खेड्यात 1950 साली जन्मलेला हा मुलगा आधी मणिपालला औषधशास्त्र शिकला आणि मग सिनेमाच्या ओढीने आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला. त्यांचा पहिला चित्रपट 1977 सालचा ‘घटश्राद्ध’. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवरचा. वेदपाठशाळा चालवणाऱ्या ब्राह्मणाची तरुण विधवा मुलगी गरोदर राहते आणि बाप जिवंतपणीच तिचं श्राद्ध घालतो. एका लहान विद्यार्थ्याच्या नजरेतून आपण हे सारं पाहतो. याच कथेवर अरुण कौल यांनी 1991 साली हिंदीत ‘दीक्षा’ काढला होता. त्यात आपला नाना पाटेकर होता.

‘घटश्राद्ध’, ‘तबरन कथे’, ‘तायी साहेबा’ आणि ‘द्वीप’ ही चार सुवर्णकमळं. यांची नावं निदान कानावर तरी येतात. पण ‘आक्रमण’, ‘मूरु दारिगळु’, ‘बण्णद वेष’, ‘क्रौर्य’? हे सिनेमे पुरस्कारांच्या आणि महोत्सवांच्या याद्यांमध्ये भेटतात. नव्वद सालचा ‘मने’ तर हिंदीतही ‘एक घर’ म्हणून निघाला होता. नसिरुद्दीन शाह आणि दीप्ती नवल. शहरात खोली घेऊन संसार मांडणारं जोडपं आणि शेजारच्या शेडमधला जीव नकोसा करणारा यंत्रांचा आवाज. बंगळूरला नाही तर ठाण्या-पिंपरीला राहणाऱ्या कुणाला ही गोष्ट आपली वाटणार नाही?

हे सिनेमे दुकानात का येत नाहीत, त्याचं कारण काही गूढ नाही. असे चित्रपट थोड्या पैशांत आणि हौसेने निघतात. निर्माता एकदोन सिनेमे काढून आपल्या धंद्याला लागतो. पुढे हक्क त्याच्याकडे, त्याच्या मुलांकडे की भागीदाराकडे, याचा उलगडा होत नाही. निगेटिव्ह कुठल्या तरी लॅबोरेटरीत पडून राहते. आणि फिल्म म्हणजे काही तांब्याचा हंडा नव्हे, की माळ्यावर टाकला आणि दहा वर्षांनी चिंचेने घासला! दमट हवेत ती आंबते, व्हिनेगरसारखा वास येतो, आक्रसते, रंग उडतात. तिच्यावरून नवी स्वच्छ प्रत काढायची तर एकेक चौकट साफ करावी लागते. आवाज दुरुस्त करायचा, परभाषिकांसाठी खाली अक्षरं द्यायची. एवढा खर्च करून किती जण घेतील, असा हिशेब करून व्यापारी मागे सरतो. त्याचंही चूक म्हणता येत नाही.

पण नीट जपलं आणि कुणी मनावर घेतलं तर काय होतं, तेही पाहा. ‘घटश्राद्ध’ची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली होती. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि मार्टिन स्कोर्सेसी यांची संस्था पुढे आली, इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत काम झालं आणि 2024 साली नवा कोरा ‘घटश्राद्ध’ व्हेनिसच्या महोत्सवात झळकला. 1937 साली याच व्हेनिसने आपल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला नावाजलं होतं. बातमी वाचून आनंद झाला, आणि लगेच मनात आलं, बाकीच्यांचं काय?

कुणी म्हणेल, आता कॅसेटची वाट कशाला? मोबाइलवर सगळं मिळतं. खरंय. शोधलं तर एखादा जुना सिनेमा सापडतोही. पण चित्र धुवट, आवाज फाटका, खाली अक्षरं नाहीत. कुणी टाकला ठाऊक नाही, उद्या राहील याचा भरवसा नाही. आपल्या आजोबांचा फोटो असा दुसऱ्याच्या भिंतीवर लटकलेला आपल्याला चालेल का?

कासरवळ्ळींच्याच 2008 सालच्या ‘गुलाबी टॉकीज’ची मला इथे आठवण होते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीतली गुलाबी ही सुईण, सिनेमाची वेडी. बक्षीस म्हणून तिला टीव्ही आणि डिश मिळते आणि वस्तीतल्या बायका तिच्या झोपडीत जमू लागतात. उमाश्रींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा घरात येतो म्हणजे काय होतं, ते गुलाबीला कळलं होतं. थिएटरात आपण अंधारात एकेकटे असतो. घरात मध्येच कुणी तरी बोलतं. आमच्या मामंजींसारखं. तीस वर्षं मनात दडपलेलं कधी कधी असंच बाहेर येतं.

म्हणून वाचकहो, एवढं करा. आवडलेला जुना सिनेमा मिळाला नाही तर ‘नाही मिळत’ म्हणून गप्प बसू नका, मागत राहा. आपल्या मंडळात, ग्रंथालयात वर्षातून एकदा तरी असा खेळ लावायला सांगा. इथे बंगळूरला ‘सुचित्रा’ ही फिल्म सोसायटी 1971 पासून हे काम करते आहे. आणि घरात कुणी पूर्वी सिनेमाच्या धंद्यात असेल तर माळ्यावरचे डबे भंगारात घालण्यापूर्वी पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाका.

मामंजींच्या हाताखाली काम केलेले एक काका अजून आहेत. वय सत्याऐंशी. त्या सिनेमाचं निमंत्रण त्यांना मामंजींनी तोंडी दिलं होतं, ते त्यांनी जपून ठेवलंय. मोबाइलचा इवलासा पडदा त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. फराळाची चौकशी होते, गुडघ्यांची होते, आणि मग ते विचारतात, ‘बंता, अम्मा?’ आली का?

मी म्हणते, ‘इन्नू बंदिल्ला, काका.’