गुन्हा कुणाचा, शिक्का कुणाचा?

मी सावद्याचा. मॅट्रिक झालो नि मुंबईच्या गोदीत बोजा उचलायला लागलो. लहानपणी बागेत पडलेली दोन केळी उचलली म्हणून बागवाल्यानं मला बांधून मारलं होतं. म्हणाला, 'जातच चोराची!' त्याच बागेत आई राबायची. तिच्या मजुरीतून मुकादम दर बाजाराला पैसे कापायचा. त्याला हिशेब म्हणायचे. माझी चोरी, त्याचा हिशेब. तेव्हाच कळलं, गुन्हा हातात नसतो, नाव ठेवणाऱ्याच्या तोंडात असतो.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं उचललं. जनावरं पीत होती ते पाणी. माणसं प्यायली तर डोकी फुटली. कायद्यानं तळं खुलं होतं, पण गावाच्या लेखी पिणं हाच गुन्हा!

इंग्रज आणखी पुढं गेला. 1871 साली त्यानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, टकारी... मूल पाळण्यात नि जात पोलिसांच्या रजिस्टरात. रोज हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात माणसं तारेच्या कुंपणात कोंडली नि त्यांचेच हात गिरणीत वापरले. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आधी, गुन्हा मागाहून शोधायचा!

देश 1947 ला सुटला. ही माणसं सुटली 31 ऑगस्ट 1952 ला. पाच वर्षं उशिरा. तीही कागदावर. 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. जमातीचं नाव गेलं, पोलिसाची नजर तीच राहिली. तुरुंगाच्या नियमांतून जात काढा, हे सुप्रीम कोर्टाला 2024 साली सांगावं लागलं. म्हंजे तोवर ती होतीच की!

आणि आपलं खानदेश? 1 जुलै 2018. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. बाजाराचा दिवस. भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी. पोरं पळवणारी टोळी आली, अशी अफवा. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना ठेचून मारलं. मारणारेही गरीबच होते, हे विसरू नका. शिक्का वरून येतो, दगड खालचेच हात उचलतात.

म्हणून आता आपल्याकडं बोट. आपल्या वस्तीशेजारी पारध्याचं पाल पडलं की आपण कडी लावतो की नाही? 'सांभाळून रे, पारधी आलेत' असं आपली आईच म्हणते की नाही? माझी म्हणायची. जिच्या पोराला चोर म्हणून झोडपलं, तीच.

दोस्तहो, ज्या तोंडानं आपल्याला चोर म्हटलं, ते तोंड आपण उसनं घेतलंय. ते आधी परत करा. मग पालावर जा. चहा मागा. त्यांच्या पोराला शाळेत घालायला सोबत जा. पोलीस उचलायला आला तर विचारा, गुन्हा काय? जात सांगू नका, गुन्हा सांगा!